राजाची संमती आणि माझी लाल शाई

के. आर. पुरमच्या बेकरीतून डिसेंबरात प्लम केकचा वास येऊ लागला की मला ती दुपार आठवते. मी तालुका कचेरीसमोर अर्ज लिहून देतो; माझ्या मसुद्यात अधिकाऱ्यांनाही दोष सापडत नाही. अशा माणसाने परदेशी राजपुत्रांचे नाताळातले प्रेमपट पाहावेत हे शोभणारे नव्हते, म्हणून मुलगी आणि मी ते दार लावून पाहत असू. त्या रविवारी पडद्यावर बर्फ पडत होता आणि राजाने केक भाजणाऱ्या मुलीला सून म्हणून स्वीकारले. माझे डोळे पाणावले. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "अप्पा, राजा हो म्हणाला. मलाही ऑफिसातल्या एकाशी लग्न करायचंय. आपल्या जातीचा नाहीये. तुम्ही काय म्हणता?" तोंडी मागणीवर उत्तर देण्याची माझी रीत नाही. "लेखी दे," मी म्हणालो. "स्वल्प थांबा मग," असे म्हणत ती हसतच उठली आणि वहीच्या पानावर लिहून घेऊन आली. मी लाल शाईने वाक्ये सुधारली, वर विषयाची ओळ घातली, 'विनंती'चे 'नम्र विनंती' केले आणि स्वच्छ प्रत काढून आण, म्हणून कागद परत दिला. तिने कागदाची घडी घातली. "सरी, अप्पा, बरं," एवढेच म्हणाली. स्वच्छ प्रत आली नाही. लग्न त्यांनी नोंदणी कचेरीत केले. तिथला अर्ज दुसऱ्या कोणी लिहून दिला. ते चित्रपट मी अजूनही पाहतो. राजा हो म्हणतो तेव्हा आता डोळ्यांना काही होत नाही. दार मात्र लावून घेतो, घरात दुसरे कोणी नसले तरी.