कोटाची आतली बाजू

माझ्या भाचीला आम्ही घरात 'चौकशी' म्हणतो. कॉलेजला जायचं तर शिष्यवृत्ती शाळेत असतानाच शोधायला हवी, हे नववीत तिच्या डोक्यात बसलं आणि तेव्हापासून तिनं कुणालाही सोडलं नाही. दात काढायला गेली, तर भूल चढायच्या आत डॉक्टरांना विचारून झालं, "तुमच्या शिक्षणाचा खर्च कुणी केला?" बँकेचा वॉचमन तर तिला लांबून पाहिलं की चहाला सटकायचा. माझा नळदुरुस्तीचा धंदा. मी सिंकखाली आडवा, आणि ही वर उभी राहून माझ्या गिऱ्हाइकाची उलटतपासणी घेतेय! मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, शिवणकाम करते. भावजी गेल्यापासून घर त्या एका मशीनवर चाललंय. कॉलेजचा खर्च त्यातून निघणार नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. शिष्यवृत्ती नाही मिळाली, तर शाळा संपली की पोरगीही आईशेजारी काजं-बटणं करायला बसणार, हे ठरल्यातच जमा होतं.

शेवटी हवं ते तिच्या आईच्या शिवणाच्या दुकानातच सापडलं. पँट आखूड करायला आलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना तिनं नेहमीचा प्रश्न विचारला. ते पूर्वी एका संस्थेत कारकून होते. ती संस्था गरजू मुलांच्या कॉलेजचा सगळा खर्च उचलायची, फक्त अर्ज शाळेत असतानाच करावा लागे. चौकशीनं अर्ज केला, मुलाखतीचं बोलावणं आलं, आणि तिथेच माझ्या बहिणीनं घोळ घातला.

शिवणकाम करणाऱ्या बाईची लेक चार लोकांसमोर साध्या कपड्यांत कशी जाईल? ताईनं हातातली कामं बाजूला सारून तिला कोट शिवला. कोट कसला, दृष्ट लागावी असा! मी म्हटलंसुद्धा, "ताई, ती मदत मागायला चाललीय, द्यायला नाही."

"तू तुझे नळ बघ," ताई म्हणाली. तिच्या हातात कात्री होती, म्हणून मी गप्प बसलो.

मुलाखतीला पालक म्हणून मीच गेलो आणि मागच्या खुर्चीत बसलो. समोर तिघं जण. पुढे काय शिकायचं, का शिकायचं, सगळं चौकशीनं खणखणीत सांगितलं. मग मधल्या बाईंनी चष्मा काढून तिच्याकडे नीट पाहिलं.

"बाळ, हे पैसे खरंच गरज असलेल्या मुलांसाठी आहेत. असा कोट घालणाऱ्या मुलीला ते कशाला हवेत?"

माझं डोकं असं फिरलं म्हणता! मी उठणार, तेवढ्यात चौकशीनं कोट काढला आणि उलटा करून त्यांच्या टेबलावर ठेवला. आत अस्तर म्हणून काय नव्हतं! कुणाच्या पायजम्याचा पट्टा, कुणाच्या पडद्याची किनार, गणवेशांचे उरलेले तुकडे, सगळं एकमेकांना जोडलेलं.

"बाहेरचं कापड एका गिऱ्हाइकानं टाकून दिलेल्या सुटाचं आहे," ती म्हणाली. "शिलाई आईची. तेवढीच आमच्याकडे भरपूर आहे."

बाईंनी अस्तरावरून हात फिरवला आणि कोट शेजारच्या दोघांकडे सरकवला. आम्हाला थोडा वेळ बाहेर बसवलं आणि परत बोलावून सांगितलं, शिष्यवृत्ती दिली. शेवटच्या वर्षापर्यंत! निघताना बाईंनी कोट स्वतः चौकशीच्या अंगावर चढवला आणि तिच्या कानात काहीतरी सांगितलं.

घरी ताईला सगळं सांगितलं. ती मटकन स्टुलावर बसली. आता रडणार असं वाटलं, तर उलट लेकीवरच कडाडली, "अगं, आतली बाजू दाखवलीस? लोकांना? कच्चे टाके होते गं तिथे! काय म्हणतील मला?"

"म्हणाल्या ना त्या बाई," चौकशी म्हणाली. "म्हणाल्या, आईला सांग, खांदा इतका सुरेख बसलेला कोट आम्ही बघितला नव्हता."

"खरंच असं म्हणाल्या?" ताईनं विचारलं, आणि मग मात्र ती पदरात तोंड लपवून पोटभर रडली.