खालच्या खोल्यांचं डिपॉझिट

नर्सच्या नोकरीतून सुटल्यावर फंडाच्या पैशात मी लातुरात एक जुनं घर घेतलं, भाडेकरूंसकट. वरच्या खोलीत क्लासची दोन पोरं. खालच्या दोन खोल्यांत चाकूरकडची एक बाई, मुलीच्या नीटच्या क्लासपायी येऊन राहिलेली. मागच्या खोलीत मी एकटी.

इसार देताना मी जुन्या मालकाला बजावून विचारलं होतं, "कुणाचं डिपॉझिट आहे का तुमच्याकडं?" वरच्या पोरांचं त्यानं किमतीतून वळतं करून दिलं. "खालच्या बाईकडून म्या एक रुपया घेतला न्हाई," म्हणाला. मी ते कागदावर घेतलं आणि स्वतःवरच खूश झाले. वॉर्डातली चादरन् चादर मोजून घेतलेली बाई मी, मला कोण फसवणार!

पुढं त्या मुलीचा नंबर नांदेडला मेडिकलला लागला. आई खोल्या झाडूनपुसून किल्ली द्यायला आली आणि दारातच घुटमळली.

"ताई, माजं अठरा हजाराचं डिपॉझिट व्हतं. लेकीच्या होस्टेलला भरायचे हायती."

मी कागद दाखवला.

"तसं न्हाई ताई, त्या उन्हाळ्यात बोअरला..."

मी तिला पुढं बोलूच दिलं नाही. इंजेक्शनला हात आखडणाऱ्या पेशंटवर ओरडावं तशी ओरडले. शेवटी "राहू द्या मग" म्हणून ती मुलीला घेऊन निघून गेली.

दोनेक महिन्यांत बोअरची मोटार बंद पडली. दुरुस्तीवाल्यानं गॅरंटीचा कागद मागितला. मीटरच्या पेटीत तो सापडला. त्यावर त्या बाईचं नाव, रक्कम अठरा हजार.

जुन्या मालकाला फोन लावला. तो बिनदिक्कत म्हणाला, "हाव, मोटार तिनंच घातली की. तवा माज्याकडं पैसे नव्हते, म्हणलं हेच तुजं डिपॉझिट. तुमी रोख इचारलं, मोटारीचं कुटं इचारलं?" मी त्याला नको नको ते बोलले. त्यातलं निम्मं खरं तर मलाच लागू होतं.

दुसऱ्या दिवशी पैसे घेऊन मी तिच्या गावी गेले. ती अंगणात सोयाबीन वाळत घालत होती. मला बघून तिनं आधी पाणी आणलं.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "होस्टेलचं कसं केलंस?"

"म्हैस इकली."

मला तिच्याकडं बघवेना. "अगं, मोटार तुझी होती. काढून का नेली नाहीस?"

"लेकीचे वडील टेम्पो घिऊन आलते की, काढायला. म्याच नगं म्हणलं. वर दोन लेकरं अभ्यास करायलेत. आन तुमी बी नव्या, एकल्या. पान्यावाचून कसं केलं असतं?"