रांगणारा दुसरीचा वर्ग

रोह्याच्या एका शाळेत मी खेळाची शिक्षिका. पेणहून रोज एसटीने जाते. शाळेच्या मैदानावर पेव्हर ब्लॉक घालून गाड्या लावायची सोय केलेली. मुलांनी खेळायचं कुठे, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. माझ्या तासाला व्हरांडा तेवढा उरला.

दुसरीत एक मुलगी होती. अंगाने गुटगुटीत, पण बाकावर बसली की ओल्या टॉवेलसारखी घरंगळायची. हात टेकल्याशिवाय जमिनीवरून उठता यायचं नाही. चेंडू छातीवर आपटून गेल्यावर हिचे हात पुढे यायचे. तिचा काय दोष? आई तिला गेटपर्यंत कडेवर आणायची. घरी लिफ्ट, जेवताना समोर मोबाईल आणि घास आईच्या हातून. एवढ्या लाडात पोटापाठीचे स्नायू जागे व्हायचे तरी कधी?

मी अख्खा वर्ग व्हरांड्यात रांगायला लावला. मग खेकड्यासारखं उलटं चालणं, मग दोन्ही हातांत अर्ध्या भरलेल्या बादल्या घेऊन फरशीच्या रेघेवरून जाणं. मी मूळची हमरापूरची, गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या घरातली. लहानपणी आम्ही ओल्या मूर्ती फळीवरून उन्हात न्यायचो. कंबर डगमगली की गणपतीची सोंड गळायची आणि वडिलांचा आवाज चढायचा. तोल मी तिथे शिकले.

आठवडा झाला नाही तोच त्या मुलीची आई मुख्याध्यापकांच्या खोलीत.

"पोरगी इंग्लिश मीडियमला घातलीय, रांगायला नाय," ती म्हणाली. "आणि बादल्या उचलायला आम्ही कामवाली पाठवत नाय."

"तिला ताठ बसता येत नाही हो," मी म्हणाले. "आधी पाठ धरली पाहिजे, मग अक्षर..."

"तुम्ही काय डॉक्टर आहात?"

मुख्याध्यापकांना कणा असता तर त्या दिवशी उपयोगी पडला असता. त्यांनी रांगणं बंद करून व्यायामाचे व्हिडिओ दाखवायचा हुकूम काढला. मुलांनी बाकावर रेलून दुसऱ्याच्या उड्या बघायच्या. याचं नाव शारीरिक विकास!

हुकूम मी पाळला. फक्त व्हिडिओआधी बाक सरकवायचं काम मुलांना दिलं. ढकला, ओढा, बाकांखालून सरपटत पलीकडे जा. व्हिडिओला रोज उशीर व्हायचा. पहिल्या दिवशी ती मुलगी बाकाखाली अडकून रडली. मी तिच्या शेजारी फरशीवर आडवी झाले.

"कोपर पुढे टाक. आता गुडघा."

धुळीने माखून ती बाहेर आली आणि लगेच म्हणाली, "बाई, परत जाऊ?"

दिवाळीनंतर ती ताठ बसायला लागली. चेंडू झेलायला लागली. सकाळी आईला मागे टाकून गेटातून पळत आत यायची.

पालकसभेत तिची आई बोलायला उठली. मी उगाचच ओढणी सावरून बसले.

"आम्ही दुधातली पावडर बदलली," ती म्हणाली. "बघा, केवढा फरक पडला!"

टाळ्या पडल्या. बाकीच्या आया डब्याचा रंग विचारू लागल्या, मुख्याध्यापकांनी तर पावडरचं नावच लिहून घेतलं. मीही जोरात टाळ्या वाजवल्या. सगळे पावडरीच्या मागे लागले, तर वर्गातल्या बाकांकडे बघायला कोण येणार होतं?