उताराचे मास्तर

माणसाच्या तोंडाकडे बघण्याआधी त्याच्या घराच्या छपराकडे बघणारा इसम साऱ्या मुलखात एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझा थोरला दीर असावा, हा माझ्या नशिबाचा भाग. मी कोकणातून लग्न होऊन चिखलीला आले, तेव्हा उंबऱ्याबाहेर उभी होते. सासूबाई भाकरतुकडा ओवाळायला पुढे आल्या, तेवढ्यात दादा मध्ये येऊन म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडे कौलांना उतार किती असतो हो?" मी पदर सावरत कसंबसं म्हटलं, "भरपूर." "भरपूर म्हणजे?" असं म्हणून त्यांनी दोन्ही तळहात बोटांना बोटं लावून माझ्यापुढे धरले, आणि मी "अजून, अजून" म्हणत गेले तसे ते खाली उतरवत नेले. पुरेसा उतार झाल्यावरच मला घरात घेतलं.

दादा गावच्या शाळेत शिकवत. गाव त्यांना उताराचे मास्तर म्हणे, आणि ही चेष्टा आहे हे त्यांना कधी कळलंच नाही. त्यांनी लग्न केलं नाही. म्हणजे एकदा करायला निघाले होते. चाकणच्या बाजूला मुलगी बघून, पोहे खाऊन आले. सासूबाईंनी विचारलं, "कशी आहे?" तर म्हणाले, "तशी बरी, पण पश्चिमेला पडवी नाही. दुपारचं ऊन सरळ माजघरात शिरतं." प्रश्न मुलीबद्दल होता हे त्यांच्या ध्यानात यायला दोन दिवस गेले, आणि तोवर तिचं दुसरीकडे जमलं. त्याचं दुःख त्यांना झालं असेल तर ते दिसलं नाही. त्या घराला पडवी नसल्याचं दुःख मात्र मी पुढे बरीच वर्षं ऐकलं.

भूगोलाचा धडा नुसता वाचून दाखवणं त्यांना कमीपणाचं वाटे. शाळेच्या अंगणात ते मुलांकडून वीत-दीड वीत उंचीची घरं बांधून घेत. वाळवंटातलं जाड भिंतींचं आणि बारीक खिडक्यांचं, आसामातलं बांबूच्या पायांवर उभं राहिलेलं, आमच्या कोकणातलं टोपी घातल्यासारखं. मग स्वतः पाऊस होऊन झारीनं पाणी ओतत, पुठ्ठ्यानं वारा घालत आणि ओरडत, "बघू रे, कुणाचं टिकतं!" घर बसलं की मुलं त्यांच्याहून मोठ्यानं ओरडत, "मास्तर, आसाम ग्येला!" एस्किमोंच्या बर्फाच्या घरासाठी माझ्या स्वयंपाकघरातली मिठाची बरणी गेली. तो पांढराशुभ्र घुमट मुलं डोळे फाडून बघत होती, इतक्यात शेजारची शेळी आली आणि तिनं उत्तर ध्रुव चाटून संपवला. दादा जराही डगमगले नाहीत. म्हणाले, "लिहून घ्या. शेळ्यांच्या मुलखात मिठाची घरं बांधत नाहीत." मी दोन दिवस शेजारणीकडून मीठ मागून आणलं. मागताना लाज वाटली नाही, कारण शेळी तिचीच होती.

त्या सुमाराला पिंपरीला नवा कारखाना निघाला होता आणि लांबलांबून माणसं कामाला येत होती. परभणीकडचा किसन त्यांतलाच. आमच्या शेताच्या कडेला सासऱ्यांनी त्याला जागा दिली, आणि शिफ्ट संपली की तो आणि त्याची बायको रुक्मिण माती तुडवून घर बांधू लागले. भिंती हातभर जाड, वर लाकडं टाकून मातीचं सपाट धाबं. दादा रोज जाऊन उभे राहत. "किसनराव, तुमच्याकडे पाऊस बेताचा. इथे सह्याद्री जवळ. सपाट धाबं पाणी पिणार, जड होणार आणि एक दिवस खाली येणार." किसन आधी हसला, मग गप्प बसू लागला. शेवटी एक दिवस हातातलं खोरं टाकून म्हणाला, "मास्तर, माझ्या बापाचं घर आसंच हाय. आभाळ तुमचं येगळं आन् आमचं येगळं हाय का?" "वेगळंच आहे!" दादा इतक्या आनंदानं ओरडले की किसनानं त्यानंतर त्यांच्याशी बोलणंच सोडलं.

पुढच्या आषाढात आठ दिवस झड लागली. दादांचं म्हणणं खरं ठरण्याची ती वेळ, पण त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. जेवता जेवता उठून दारातून शेताकडे बघत. आठव्या दिवशी दुपारी ते एकाएकी घोंगडी घेऊन अनवाणीच धावत सुटले, म्हणून मीही मागे गेले. किसन कामावर होता. आत रुक्मिण वीस दिवसांची मुलगी छातीशी धरून कोपऱ्यात बसलेली, आणि मधली तुळई कडकडत खाली वाकत होती. दादांनी खांदा तिच्याखाली दिला. एरवी कौल सरकलं तरी तासभर बोलणारा माणूस, त्या वेळी फक्त एवढंच म्हणाला, "वहिनी, आधी बाळ." मी बाळ घेतलं, रुक्मिणीला हाताला धरून बाहेर काढलं. दादा उडी मारून बाहेर आले आणि पाठोपाठ अर्धं धाबं खाली बसलं. त्यांचा खांदा सुजून वर आला होता.

संध्याकाळी किसन आला. मान खाली घालून आमच्या ओसरीवर उभा राहिला. आता दादा काय काय ऐकवतात म्हणून मीच कानकोंडी झाले. दादांनी त्याला हाताला धरून खाली बसवलं. मग म्हणाले, "किसनराव, चूक माझी आहे. पोरांना मी करून दाखवतो. तुम्हाला नुसतं बोलत राहिलो, माझं खरं करायला."

किसनाला रडू आलं. "न्हाई मास्तर," एवढंच तो म्हणाला.

दिवाळीपर्यंत दोघं नवरा-बायको आमच्याच माजघरात राहिली. घर पुन्हा उभं केलं तेव्हा अख्खी शाळा कौलं वाहायला होती, आणि उतार किती द्यायचा हे सगळ्यांसमोर मला विचारलं गेलं. जुन्या जाड भिंती ठेवल्या, वर कौलं चढवली. दादाही चैत्रातली दुपार किसनाकडेच काढू लागले, कारण आमच्या घरापेक्षा तिथे गार वाटे. रुक्मिण त्यांना म्हणायची, "मास्तर, भिंती आमच्याकडच्या हाईत बरं का." आणि ते शाळेतल्या पोरासारखी मान डोलवायचे.

दादांना जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. चिखलीत इमारतींना इमारती चिकटल्यात. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. दुपारी भिंतीला हात लावला तर तव्यासारखी लागते, पंखा तीच ऊब फिरवत राहतो. मुलगा म्हणतो, "आई, कूलर आणू." मी आण म्हणते, दुसरं काय म्हणणार? पण मनात येतं, हे घर बांधताना इथे वारा कुठून येतो, हे कुणी कुणाला विचारलं तरी होतं का? आणि विचारलंच असतं, तर सांगायला पायांत चपला न घालता धावत येईल असं माणूस आता कुठे राहिलंय.