तीन डॉक्टरांची धवलारीण

तळवलीत लग्न ठरलं की हॉल मागाहून बघतात, आधी गिरजाबाईला विचारतात. गिरजाबाई गावची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत विधीविधीला धवला, म्हणजे त्या विधीचं गाणं, म्हणावा लागतो, त्याशिवाय लग्न लागत नाही, आणि ते सगळे धवले या बाईच्या डोक्यात. कागदावर एक ओळ नाही, कुणाला शिकवलेलंही नाही. सून सुचिता पंधरा वर्षं शेजारी बसून मागे मागे सूर धरायची, तेवढंच.

यंदा खुद्द नातीचं, जागृतीचं लग्न निघालं. म्हातारीचे गुडघे कुरकुरायला लागले होते. म्हणून वाशीच्या डॉक्टरनं कॅल्शियमची गोळी दिली, आणि आठवड्यातून एकदा दुधात घालून घ्यायची व्हिटॅमिन डीची पुडी. घणसोलीच्या डॉक्टरनं दुसऱ्या नावाची गोळी दिली, सीवूड्सला लेकीकडे गेली तेव्हा तिथल्यानं तिसरी. एकाला दुसऱ्याचं सांगेल तर शपथ! एक गुलाबी, एक पांढरी, एक हिरवी. रंग वेगळे म्हणजे औषधं वेगळी, अशी तिची पक्की समजूत. आणि पुडी आठवड्यातून एकदा कशाला? जेवतो का आपण आठवड्यातून एकदा? नातीच्या मांडवात ताठ उभं राहायचं म्हणून बाईनं पुडी रोज सुरू केली.

दोनेक महिन्यांत तहान भागेना, बाथरूमच्या खेपा संपेनात, पोट मात्र साफ होईना. अन्न समोर आलं की मळमळायचं. दिवसभर पेंगायची. मुलगा धनेश म्हणाला, उन्हाळा बाधला असेल. गिरजाबाई म्हणाली, ताकद कमी पडते, आणि संध्याकाळची आणखी एक गोळी वाढवली. काय म्हणावं या बाईला!

लग्नाला महिना उरला तेव्हा शेजारणी तांदूळ निवडायला जमल्या. त्यांनी हौसेनं हळदीचा धवला मागितला. गिरजाबाईनं दोन ओळी म्हटल्या आणि थांबली. तिसरी ओळ येईना. बायका हसल्या, तिनं मात्र सूप खाली ठेवून सुनेला हाक मारली.

"गो सुचिता, माजे धवले गेले. जागूचं लगीन कोन लावील गो?"

आयुष्यात ती एवढी कधी घाबरली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तर तिनं सुचितालाच विचारलं, "तू कोनाची गो?" मग धनेशनं गाडी काढली.

हॉस्पिटलात डॉक्टर प्रियदर्शिनी भेटल्या, साताऱ्याकडच्या, भारी चौकस.

"आजी, औषधं काय काय चालू आहेत?"

"काय पन नाय."

सुचितानं हातातली पिशवी टेबलावर उलटी केली. डॉक्टरबाईंनी एकेक पाकीट वाचून काढलं. रक्त तपासलं. कॅल्शियम साडेदहाच्या आत हवं, ते चौदाला टेकलेलं. गळ्यातल्या ग्रंथींमुळेही ते वाढतं, म्हणून तीही तपासणी झाली. तिथं सगळं ठीक निघालं.

"तिन्ही रंगांत औषध एकच आहे, आजी. आणि ही पुडी अंगात साठते, रक्तात कॅल्शियम वाढवत राहते. तहान त्यानंच, पोट त्यानंच, विसरही त्यानंच."

घ्या! करायला गेली गणपती आणि झाला मारुती. सगळ्या गोळ्या बंद झाल्या. चार दिवस सलाईन, घरी गेल्यावर भरपूर पाणी, आठवड्याला रक्ताची तपासणी. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक गोळीसुद्धा नाही. पुडीचा अंमल उतरायला वेळ लागेल, असंही बजावलं.

"धवले परत येतील?" तिनं हळूच विचारलं.

"येतील असं वाटतंय. पण वचन नाही देत."

आले, पण आपल्या मर्जीनं. पाठवणीचा आला भांडी घासताना, हळदीचा आंघोळीच्या वेळी; ओलेत्यानंच बाई ओरडली, "आला गो, आला!"

लग्नाच्या दिवशी ती उभी राहिली. आवाज खणखणीत. आणि पाठवणीच्या धवल्यात, ऐन मध्यावर, गप्प झाली. जागृतीचा चेहरा पडला. तेवढ्यात सुचिताच्या तोंडून पुढची ओळ आपोआप आली, मग तिच्या पुढची. शेवटपर्यंत तिनं एकटीनं गायलं.

धनेश पाणी घेऊन धावत आला. "आई, इसरलीस?"

"नाय र," गिरजाबाईनं डोळे पुसले. "मना सगला येत व्हता. मी गेल्यावर हिला येल का, ता बगायचा व्हता."