एका चपलेवर पान्हा

माझा भाऊ गेला त्याला महिना झाला, तेव्हा प्रार्थनाघराच्या समितीने त्याच्यावर एक पत्रक छापलं. 'शांत, विनम्र, कधीही उलट न बोललेला सेवक.' मी ते वाचलं आणि चारचौघांत फाडलं. ज्यांना राग आला त्यांना येऊ दे. दादा विनम्र नव्हता. हट्टी होता, तोंडाचा तिखट होता, आणि चुकीच्या माणसापुढे मान खाली घालणं त्याला मरेपर्यंत जमलं नाही. आमच्या घरात ते कोणालाच जमत नाही. म्हणून त्याच्याबद्दल मीच लिहिते. माझी शाळा सातवीत सुटली, तेव्हा चुका निघतील. काढत बसा.

दादा नळाची कामं करायचा. वहिनी हॉस्पिटलच्या लाँड्रीत, पहिल्या पाळीला. ती साडेपाचला घराबाहेर पडायची, म्हणून दोन्ही पोरींच्या वेण्या दादाकडे. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायचा, पुढ्यात पोरगी, दातांत रिबीन. तशीच रिबीन धरून तो सकाळची प्रार्थना म्हणायचा, केसांच्या प्रत्येक पेडाला एक ओळ. मोठीचे केस कमरेपर्यंत, म्हणून तिला प्रार्थना पूर्ण पाठ. धाकटीचे खांद्यापर्यंत, तिला अजून निम्मीच येते. वेण्या इतक्या घट्ट घालायचा की पोरींच्या भुवया वर चढायच्या.

"बाबा, दुखतंय!"

"दुखू दे. जॉइंट आहे तो, सैल ठेवून चालत नाही."

मी देव मानत नाही. मी मोर्चे काढते, कचेऱ्यांच्या दारात बसते, साहेबांच्या टेबलावर रिकाम्या कळशा नेऊन आपटते. यावरून आमची भांडणं ठरलेली.

"तुझा देव करतो काय रे?" मी विचारायचे. "अर्ध्या वस्तीला पाणी नाही."

"पाणी आणायला तू आहेस की," तो म्हणायचा. "आलेलं गळून जाऊ नये, एवढं त्याने माझ्याकडे दिलंय. तू तुझं काम नीट कर आधी."

आता त्या खोलीबद्दल, कारण सगळं भांडण तिच्यावरूनच आहे. प्रार्थनाघराच्या मागे मोडक्या खुर्च्यांची एक अडगळ होती. बावीस वर्षांपूर्वी दादाने ती मागून घेतली, झाडली, भिंतीवर फळ्या ठोकल्या आणि खिळ्यांवर आपली जास्तीची हत्यारं टांगली. पान्हे, पकडी, करवती, पुढे एक ड्रिलही आलं. प्रत्येकाच्या मागे फळीवर त्याच्या आकाराची रेघ. दर सुट्टीच्या दिवशी, प्रार्थना संपली की खोली उघडी. कोणीही यावं, हवं ते न्यावं. अट एकच. ज्या खिळ्यावरचं हत्यार नेलं, त्या खिळ्यावर आपली एक चप्पल टांगून जायची.

"एकच का? दोन्ही ठेवतो ना," एकाने विचारलं होतं.

"दोन्ही ठेवल्यास तर अनवाणी रमशील घरी. एकीवर माणसाला चैन पडत नाही."

खरंच पडायचं नाही. सुट्टीच्या दिवशी कोणी एका पायात चप्पल घालून लंगडत चाललेलं दिसलं, की समजायचं, याच्या घरी काहीतरी गळतंय. पोरं मागे लागून चिडवायची. पण बावीस वर्षांत एक पान्हा हरवला नाही.

आणि हो, सुट्टीच्या दिवशी दादा कोणाच्या घरी जाऊन स्वतः काम करून द्यायचा नाही. सोबत जायचा, स्टूल ओढून बसायचा आणि तोंडाने सांगायचा. बाया कळवळायच्या, "भाऊ, तुम्हीच करा ना, दोन मिनिटांचं तर काम." हा ढिम्म. "घर तुमचं, नळ तुमचा, हात तुमचे. फिरवा. उलटा नाही हो, सुलटा!" त्याला शिव्या घालत घालत वस्तीतल्या साठ-सत्तर बाया नळाचा वॉशर बदलायला शिकल्या. त्यातली एक मी.

समितीच्या अध्यक्षांना ही खोली पहिल्यापासून खुपायची. पलीकडच्या भिंतीला देव आणि अलीकडच्या भिंतीला चपला, हे त्यांना सहन होईना. त्यांनी दादाला बोलावून झापलं. दादा म्हणाला, "देवाला विचारून बघा. मी त्याला रोज भेटतो, मला तरी अजून काही बोललेला नाही."

पुढे एकदा अध्यक्षांच्याच बंगल्यातला पाइप फुटला. सुट्टीचा दिवस, कोणी कारागीर मिळेना. त्यांनी ड्रायव्हरला पाठवलं. तो बिचारा आपली चप्पल काढायला लागला, तसा दादाने त्याचा हात धरला. "तुझी नको. ज्याच्या घरात पाणी भरतंय त्याची." अध्यक्षांना स्वतः यावं लागलं. चकचकीत काळा बूट खिळ्यावर गेला आणि साहेब एका पायात मोजा घालून, बायाबापड्यांच्या रांगेसमोरून गाडीत जाऊन बसले. कोणी हसलं नाही. मी हसले. ते त्यांनी दादाच्या खात्यावर लिहून ठेवलं असणार.

तर महिन्यानंतरची शोकसभा. अध्यक्ष बोलायला उभे राहिले. म्हणाले, त्या खोलीत दिवंगतांची मोठी तसबीर लावू, खाली संगमरवरी पाटी बसवू, हत्यारं कपाटात सन्मानाने जपून ठेवू, आणि खोली दर सुट्टीला न उघडता वर्षातून एकदा, त्यांच्या स्मृतिदिनी उघडू. "वहिनींनी फक्त किल्ली समितीकडे सोपवावी."

लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या हो! मी उठलेच होते, तोंडात काय काय आलं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेवढ्यात वहिनीने माझं मनगट दाबलं. "खाली बस तू." आणि ती उभी राहिली. एकतीस वर्षांच्या संसारात ही बाई कधी सभेत बोललेली नाही.

"मला ती खोली कधी आवडली नाही," ती म्हणाली. "आठवड्याची एक सुट्टी मिळायची आम्हाला, तीही त्या खोलीने खाल्ली. पोरींना घेऊन कुठे बाहेर जाऊ म्हटलं, तर ह्यांचं आपलं, 'लोक येऊन परत जातील.' मी भांडले, रडले, अबोला धरला. ऐकलं नाही. बावीस वर्षांच्या माझ्या सुट्ट्या त्या भिंतीवर टांगलेल्या आहेत, साहेब. त्या मी तसबिरीला नाही द्यायची."

"वहिनी, भावनेच्या भरात नको. जागा समितीची आहे, नियम..."

"नियम असेल. किल्ली माझ्याकडे आहे."

पर्स काखेला मारून ती सभेतून निघाली. मी मागोमाग. तिने खोली उघडली आणि तिथेच थबकली, कारण तिला पान्ह्याची आणि पकडीची नावंसुद्धा नीट माहीत नव्हती. बाहेर एक शिंपीणबाई आली होती, मोरी तुंबली म्हणून. वहिनी म्हणाली, "मला कळत नाही यातलं. काय लागतं ते तुम्हीच ओळखा, आणि मलाही सांगा." मग तिने दादाचं स्टूल ओढलं आणि त्यावर बसली.

त्यानंतर समितीच्या दोन नोटिसा आल्या. दुसरीत लिहिलंय, पुढच्या सुट्टीच्या दिवशी खोलीला समितीचं कुलूप लागेल. मी तिला उत्तराचा मसुदा वाचून दाखवला, चांगला दीड पानी, जळजळीत. ती ड्रिलला बिट बसवायला शिकत होती. म्हणाली, "लिही, पण थोडक्यात. त्यांना कुठे एवढं वाचायचंय."

म्हणून थोडक्यात लिहिते. समितीने कुलूप घेऊन खुशाल यावं. प्रार्थना संपल्यापासून दुपारी दोनपर्यंत वहिनी तिथे असते. दोननंतर मी असते. आणि मी देवाला भीत नाही, तर समितीचं काय घेऊन बसलात.