हजार वॅट आणि याडीच्या टाळ्या

वॅट हा शब्द कोणाच्या तोंडून ऐकला का मले आजही किळस येते. आमच्या ढाणकीकडच्या बंजारा तांड्यात लोकं नवरदेवाची नोकरी मागून विचारतात, वरातीतला डीजे किती वॅटचा ते आधी.

घरी बाबांनी घेतलेले दोन लाकडी स्पीकर होते, तीस-तीस वॅटचे, आणि त्यायले झेपंल असं लहानसं मशीन, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर. बाबा गेले, जोडी राह्यली. त्यावर याडीच्या आवाजातली कॅसेट वाजे. आईले आमच्या बोलीत याडी म्हणतात. होळीचं गाणं, लेंगी, गावी तर तिनंच. मंग तंबाखूनं घात केला, गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. आता ती नुसती फुसफुसते, ओठ पाहून समजून घ्या लागते. रोज दुपारी आपलीच लेंगी लावून खाटेवर पडून राहे. तिच्याजवळ आवाज तेवढाच उरलता.

होळीच्या सकाळी काका आला. त्याचा लग्नात साउंड लावायचा धंदा. स्पीकरचे मोठे डबे उमरखेडले गेलते, घरी फक्त हजार वॅटचं मशीन पडून होतं. ते खांद्यावर घेऊन, तोंडात तंबाखूचा खर्रा कोंबून, सरळ आमच्या ओट्यावर. म्हणे, वहिनीची लेंगी नाल्यापल्याडच्या तांड्याले ऐकू गेली पाह्यजे.

मी म्हटलं, "काका, घरचे स्पीकर हायेत. फाटतीन."

"कायले फाटतीन? स्पीकर लागते तेवढंच वढते. बाकीचं मशीनमंधीच राह्यते." आणि पचकन आमच्याच पायरीवर थुकला.

मोठं मशीन वाईट नसते, बटनावर हात हलका असला तर. पण होळीच्या दिवशी बटन अर्ध्यावर ठेवलं तर आमच्या लोकायचं नाक कापल्या जाते.

त्यानं घरचेच स्पीकर त्याले जोडले, कॅसेट लावली. पहिलं कडवं बरं गेलं. मंग काकानं बटन पिळलं आणि याडीचा आवाज खरखराले लागला. मी तार वढाले गेलो तर त्यानं मले कवळ्यात धरून नाचवलं, खर्ऱ्याचा भपकारा माह्या तोंडावर. याडी खाटेवरून उठली. तिले वरडता येत नाही. ती टाळ्या वाजवत पुढं आली, ओठ हलवत, बंद कर, बंद कर. आता लेंगीच्या फेरात बाया टाळ्या वाजवूनच नाचतात. काकाचे डोळे भरून आले.

"पाह्य, वहिनी नाचून राह्यली," म्हणला, आणि बटन शेवटाले नेलं.

याडी आणखी जोरात टाळ्या वाजवे. बायायनी तिच्याभोवती फेर धरला.

फट्टकन आवाज झाला. जळक्या वायरीचा वास ओटाभर. काकानं पायानं डबा सरकवला, "हलकाच माल होता तुह्या बापाचा," म्हणून दात काढले. लाल, किडके. मले अशी शिसारी आली का त्या दिवशी पुरणपोळीले हातही लावला नाही.

कॅसेट शाबूत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाबांचं मशीन पुन्हा जोडलं. एक डबा मुका, दुसऱ्यातून नुसती फाटकी फुसफुस. याडीनं डब्याकडं बोट केलं, मंग आपल्या गळ्याकडं. मी म्हटलं, नवीन आणू, मशीनले जुळतीन असेच आणू. तिनं नाही म्हणून मान हलवली. ओठ हालले, मले समजलं नाही. मी कॅसेट बंद केली, तिच्या तोंडाजवळ कान नेला.

"मी नाचत नव्हती रे," ती म्हणे.